धावपटू मुलामुलींसाठी सरकारी मदत: शाळेच्या मैदानापासून नोकरीपर्यंत

शाळेच्या क्रीडा महोत्सवात तुमची मुलगी १०० मीटर धावण्यात पहिली आली. पुढच्या वर्षी तालुक्यात आली, मग जिल्ह्यात. आता क्रीडाशिक्षक म्हणतात, "हिला बाहेर पाठवा." घरात प्रश्न उभा राहतो: बूट, खुराक, प्रवास, वसतिगृह यांचा खर्च कोण करणार? दहावीचे काय? आणि चार वर्षांनी पाय दुखावला तर पुढे काय?

या लेखात कमी अंतराच्या, म्हणजे १००, २०० आणि ४०० मीटरच्या धावपटूची वाटचाल टप्प्याटप्प्याने दिली आहे. कोणत्या टप्प्यावर कोणती सरकारी मदत मिळते, ती कोणाला मिळत नाही आणि त्यासाठी आजपासून काय जपून ठेवायचे, हे येथे वाचा.

थोडक्यात

- सरकारी मदत मिळते ती मान्यताप्राप्त स्पर्धेत नोंदलेल्या कामगिरीवर. गावच्या मैदानावर कितीही वेगाने धावले तरी त्याची नोंद नसेल, तर योजनेच्या दृष्टीने ती धाव झालेलीच नसते.
- धावपटूची कारकीर्द छोटी असते. म्हणून पदकाइतकेच प्रमाणपत्र महत्त्वाचे आणि प्रमाणपत्राइतकीच शाळा महत्त्वाची.
- निवडीसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

एक उदाहरण: हिमा दास

आसाममधील नगाव जिल्ह्यातील कंधुलीमारी हे हिमा दासचे गाव. आईवडील भातशेती करणारे. ती मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. तिचा वेग पाहून शिक्षकांनी तिला धावण्याकडे वळवले. पुढे आंतरजिल्हा स्पर्धेत राज्याच्या क्रीडा विभागातील प्रशिक्षकांनी तिला हेरले आणि गावापासून सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या गुवाहाटीला सरावासाठी नेले.

२०१७ मध्ये ती नैरोबीच्या १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत २०० मीटर धावली. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ४०० मीटरमध्ये सहावी आली. १२ जुलै २०१८ रोजी फिनलंडमधील तांपेरे येथे २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरचे सुवर्णपदक ५१.४६ सेकंदांत जिंकले. जागतिक पातळीवर धावण्याच्या शर्यतीत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून तिने रौप्य मिळवले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आसाम पोलिसांत तिची उपअधीक्षक पदावर नेमणूक झाली. जून २०२१ मध्ये पतियाळा येथे धावताना मांडीमागचा स्नायू दुखावला आणि टोकियो ऑलिम्पिकची संधी गेली. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात घ्या. गावातून थेट फिनलंडला कोणी जात नाही. प्रत्येक पायरीवर एक अधिकृत स्पर्धा होती. आणि नोकरी दुखापतीच्या आधी हातात आली होती, नंतर नाही.

पहिला टप्पा: कामगिरीची नोंद (वय ९ ते १४)

वेग प्रथम नोंदला जातो तो शाळेत. खेलो इंडिया अंतर्गत शाळांमध्ये होणाऱ्या शारीरिक क्षमता चाचणीत ९ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ५० मीटर धावणे हा एक घटक आहे. तुमच्या शाळेत ही चाचणी झाली का, मुलाची वेळ नोंदली का, हे क्रीडाशिक्षकांना विचारा.

२०२४ मध्ये सुरू झालेला 'कीर्ती' हा केंद्र सरकारचा गुणवत्ता शोध कार्यक्रमही ९ ते १८ वयोगटासाठी आहे. त्याची नोंदणी माय भारत या संकेतस्थळावर होते.

यानंतर दोन वाटा आहेत. दोन्ही खुल्या ठेवा.

१. शाळेची वाट: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. येथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. प्रवेश शाळेमार्फत होतो.

२. संघटनेची वाट: जिल्हा ॲथलेटिक्स संघटना, राज्य संघटना आणि मग भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा. येथे १४, १६, १८ आणि २० वर्षांखालील गट असतात. यासाठी महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते.

पुष्कळ पालकांना पहिलीच वाट माहीत असते. मात्र भारतीय संघाची निवड दुसऱ्या वाटेवर होते. जिल्हा संघटनेची स्पर्धा कधी आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येते.

तुम्ही मराठी भाषक असून इंदूर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद किंवा अन्यत्र राहत असाल, तर शालेय स्पर्धेत मूल ज्या राज्यातील शाळेत शिकते त्या राज्याकडून उतरते. महाराष्ट्रातील मूळ गावाच्या पत्त्यावर वेगळा अर्ज करू नका. दोन राज्यांत दोन नोंदी आढळल्या, तर पुढे दोन्हींवर प्रश्न उपस्थित होतो.

वेळ कशी मोजली, हे का विचारायचे?

प्रमाणपत्रावर '११.६ सेकंद' लिहिले आहे. ही वेळ हातातल्या घड्याळावर घेतली की इलेक्ट्रॉनिक यंत्रावर? फरक मोठा आहे. बंदुकीचा आवाज झाल्यावर माणसाचे बोट बटणावर पडायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे हाताने मोजलेली वेळ खऱ्यापेक्षा चांगली दिसते. दोन्ही वेळांची तुलना करताना १०० आणि २०० मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. म्हणजे हाताने मोजलेले ११.६ हे इलेक्ट्रॉनिक घड्याळावर साधारण ११.८४ होते. मुलगी पुढच्या स्पर्धेत ११.८ धावली, तर ती मंदावली असे समजून तिला बोलू नका. घड्याळ बदलले आहे.

वाऱ्याचाही हिशेब असतो. १०० आणि २०० मीटरमध्ये पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत.

सेकंदाच्या शंभराव्या भागाने काय होते, हे पी. टी. उषा यांच्या शर्यतीवरून देशाला कळले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत त्यांची वेळ ५५.४२ सेकंद होती. कांस्यपदक ५५.४१ ला गेले.

त्यामुळे शक्यतो इलेक्ट्रॉनिक वेळ घेतली जाते अशा स्पर्धांत मुलाला उतरवा. निवड समितीसमोर तीच वेळ टिकते.

जन्मतारीख: एकच आणि खरी

कागदावर वय एक-दोन वर्षांनी कमी दाखवले तर लहान गटात पदक सोपे जाईल, असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता लागू केली. शंका आल्यास वैद्यकीय तपासणी होते. त्यात मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासता येते. दोषी ठरल्यास बंदी येते आणि आधीची पदकेही जाऊ शकतात.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करणे कायद्याने आवश्यक आहे. ती झाली नसेल, तर स्पर्धेच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा विलंबित नोंदणी आताच करून घ्या. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव व तारीख सारखी आहे का, तेही पाहा.

आंतरराष्ट्रीय गट ३१ डिसेंबरला किती वय पूर्ण होते यावर ठरतो. समजा, मुलीचा जन्म ऑगस्ट २०१० चा आहे. ती २०२६ आणि २०२७ मध्ये १८ वर्षांखालील गटात, २०२८ आणि २०२९ मध्ये २० वर्षांखालील गटात धावेल. २०३० पासून तिला थेट वरिष्ठ गटात उतरावे लागेल. प्रत्येक गटाच्या पहिल्या वर्षी समोरच्या मुली वयाने मोठ्या असतात. त्या वर्षी क्रमांक घसरला म्हणून खेळ सोडवू नका.

दुसरा टप्पा: वसतिगृह आणि प्रशिक्षण केंद्र (वय १० ते १८)

राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी देणाऱ्या सरकारी सोयी अनेक आहेत:

- भारतीय क्रीडा प्राधिकरणाची प्रशिक्षण केंद्रे आणि राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे. महाराष्ट्रात मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे प्राधिकरणाची केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रात प्रत्येक खेळ नसतो. ॲथलेटिक्स आहे का, हे आधी विचारा.
- राज्यांची क्रीडा वसतिगृहे. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनी आहेत. तेथील चाचणीत ३० मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, ८०० मीटर धावणे असे प्रकार असतात.
- सैन्यदलाच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या. येथे लहान वयातच मुलांची निवड होते.
- खेलो इंडिया केंद्रे. ही जिल्हा पातळीवर असून तेथे माजी खेळाडू प्रशिक्षण देतात. मूल घरी राहून येथे जाऊ शकते.

राज्याच्या वसतिगृहाने काय होऊ शकते, याचेही उदाहरण पी. टी. उषाच आहेत. १९७६ मध्ये केरळ सरकारने कन्नूर येथे मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. पहिल्या मुलींमध्ये त्या होत्या.

मुलीला वसतिगृहात पाठवण्यापूर्वी पालकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मुलींच्या विभागात महिला अधीक्षक आहे का, तक्रार कोणाकडे करायची, आजारी पडल्यास कोठे नेतात, घरी फोन कधी करता येतो, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

तिसरा टप्पा: खेलो इंडिया आणि '६ लाखां'चा अर्थ

खेलो इंडिया खेळाडू म्हणून निवड झाल्यास वर्षाला ६.२८ लाख रुपयांची मदत असते, हे तुम्ही ऐकले असेल. ही रक्कम घरी येत नाही. त्यातील १.२० लाख रुपये, म्हणजे महिना १०,००० रुपये, खेळाडूला किरकोळ खर्चासाठी बँक खात्यात मिळतात. उरलेली रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार, साहित्य, विमा अशा गोष्टींसाठी असून ती मान्यताप्राप्त अकादमीमार्फत खर्च होते.

या मदतीच्या भरवशावर कर्ज काढू नका. कामगिरीचा आढावा वेळोवेळी घेतला जातो आणि प्रगती नसल्यास नाव वगळले जाते. महिना १०,००० मध्ये बूट, प्रवास आणि वरखर्च भागवायचा, असाच हिशेब ठेवा.

निवड मुख्यतः खेलो इंडिया स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि गुणवत्ता शोध चाचण्यांतून होते. खेलो इंडियाच्या पहिल्या स्पर्धा २०१८ मध्ये दिल्लीत झाल्या, तर २०१९ च्या स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाल्या. महाविद्यालयीन खेळाडूंसाठी विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून सुरू झाल्या. म्हणजे शालेय वयात निवड हुकली तरी दार बंद होत नाही. मुलींसाठी 'अस्मिता' लीग स्पर्धाही होतात.

चौथा टप्पा: टॉप्स

लक्ष्य ऑलिम्पिक पदक योजना, म्हणजेच टॉप्स, सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. मुख्य गटातील खेळाडूंना महिना ५०,००० रुपये आणि विकास गटातील खेळाडूंना महिना २५,००० रुपये भत्ता मिळतो. परदेशातील सराव, प्रशिक्षक, साहित्य यांचा खर्च वेगळा केला जातो. तांपेरेच्या सुवर्णानंतर हिमा दासला या योजनेतून मदत मिळाली.

या योजनेसाठी सामान्य अर्ज नसतो. आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहून नावे ठरवली जातात. "टॉप्सचा फॉर्म भरून देतो" असे सांगणारी व्यक्ती फसवणूक करत आहे, असे समजा.

पदकांसाठी केंद्राची रोख पुरस्कार योजनाही आहे. आशियाई स्पर्धेतील सुवर्णासाठी ३० लाख, रौप्यासाठी २० लाख आणि कांस्यासाठी १० लाख रुपये दिले जातात. राज्य सरकारांचे पुरस्कार वेगळे असतात.

दुखापत आणि औषध

कमी अंतराच्या धावपटूला सर्वाधिक धोका मांडीमागच्या स्नायूचा. अचानक टोचल्यासारखे वाटले की धावणे तेथेच थांबवावे. 'स्पर्धा संपेपर्यंत सोस' हा सल्ला पुढचे सहा महिने घेऊन जाऊ शकतो. उपचाराचे सर्व कागद जपून ठेवा. मदतीचा अर्ज त्यावरच उभा राहतो.

बिकट परिस्थितीतील खेळाडूंना दुखापत, उपचार किंवा हलाखी यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधीतून मदत मिळू शकते. हा निधी १९८२ पासून आहे. अर्ज केंद्रीय क्रीडा विभागाकडे करायचा असतो आणि रक्कम प्रकरणानुसार मंजूर होते.

औषधांबाबत नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "सरांनी दिले," "दुकानदार म्हणाला ताकद येते," ही कारणे बंदी टाळायला पुरेशी ठरत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात. डॉक्टरांना आधीच सांगा की मूल स्पर्धेत धावते. एखादे औषध अपरिहार्य असेल, तर राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो. लेबल नसलेली पावडर किंवा गोळी घरात येऊ देऊ नका.

शाळा सोडू नका

राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि बोर्डाची परीक्षा एकाच वेळी आल्यास केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ पात्र खेळाडूंची परीक्षा नंतर घेते. महाराष्ट्र राज्य मंडळात दहावी-बारावीला खेळाडूंसाठी सवलतीचे गुण आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. सतत बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय आहे. दहावी-बारावी नसेल, तर खेळाडू कोट्यातील बहुतेक पदांचे दारही उघडत नाही.

नोकरी

केंद्र सरकारच्या कार्यालयांत गट 'क' मधील थेट भरतीच्या रिक्त जागांपैकी ५ टक्क्यांपर्यंत जागा गुणवान खेळाडूंमधून भरता येतात. वयोमर्यादेत ५ वर्षांपर्यंत, तर अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना १० वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. रेल्वे, सैन्यदले, पोलीस दले यांच्या खेळाडू भरत्या वेगळ्या निघतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

केंद्राच्या नियमानुसार राज्याचे किंवा देशाचे, विद्यापीठाचे आंतरविद्यापीठ स्पर्धेत, अथवा राज्याच्या शालेय संघाचे राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र ठरू शकतो. पहिल्या तीन क्रमांकांना आधी प्राधान्य मिळते. रिले संघातील धावपटूचे प्रमाणपत्रही यात मोलाचे असते.

येथे अनेक अर्ज अडतात ते नमुन्यामुळे. स्पर्धेच्या दिवशी मिळालेले रंगीत प्रमाणपत्र पुरेसे नसते. ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने प्रमाणपत्र लागते: आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी राष्ट्रीय महासंघाचे सचिव, राष्ट्रीय स्पर्धेसाठी महासंघ किंवा राज्य संघटनेचे सचिव, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याच्या शिक्षण संचालनालयातील अधिकारी. पदाधिकारी बदलतात, जुनी नोंदवही सापडत नाही. म्हणून स्पर्धा झाली त्याच वर्षी हे प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

धावणे थांबल्यावर

ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा ठरलेल्या स्पर्धांतील पदकविजेत्यांना स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ३० वर्षांनंतर, महिना १२,००० ते २०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. हे फार थोड्या जणांच्या वाट्याला येते.

इतरांसाठी २०२४ मध्ये 'रीसेट' हा कार्यक्रम सुरू झाला. २० ते ५० वर्षे वयाच्या निवृत्त खेळाडूंना यात नोकरी-व्यवसायासाठी प्रशिक्षण दिले जाते. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था त्याचे काम पाहते. अकरावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांसाठीही स्वतंत्र स्तर आहे.

घरात एक फाइल ठेवा

- जन्मदाखला, आधार, रहिवासी दाखला, लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला
- खेळाडूच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते
- महासंघाचा नोंदणी क्रमांक
- प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, छापील निकालपत्रक, वेळ आणि ती मोजण्याची पद्धत
- नोकरीच्या नमुन्यातील प्रमाणपत्रे
- गुणपत्रिका आणि उपचाराचे कागद

सर्व कागदांचे फोटो मोबाइलमध्ये आणि शक्य ते डिजिलॉकरमध्ये ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*महागडे स्पाइक नसतील तर चालेल का?*
सुरुवातीला साध्या बुटांवर सराव होतो. सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइकचा खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब नसावा. मातीच्या मैदानाचे लांब खिळे बदलून घ्या.

*मूल शर्यतीत एकदाच आधी सुटले, तरी बाद का केले?*
खुल्या शर्यतींत एकाच चुकीच्या सुरुवातीला बाद करण्याचा नियम २०१० पासून आहे. बंदुकीच्या आवाजावर सुटण्याचा सराव करवून घ्या.

*जिल्ह्यात पहिली आली, पण राज्यात आठवी. आता मदत मिळेल का?*
खेलो इंडियाची निवड या क्रमांकावर कठीण आहे. मात्र राज्य वसतिगृह, जवळचे खेलो इंडिया केंद्र आणि पुढच्या वर्षीची स्पर्धा हे मार्ग उघडे आहेत. निकालपत्रक जपून ठेवा.

*चार-पाच वर्षांत काहीच झाले नाही तर?*
राज्याच्या संघातून एकदा राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचे योग्य नमुन्यातील प्रमाणपत्र आणि बारावीची गुणपत्रिका हातात असेल, तर ती वर्षे वाया गेली नाहीत. त्या दोन कागदांवर नोकरीचा अर्ज करता येतो.

सूचना: रक्कम, वयोगट आणि अटी शासन वेळोवेळी बदलते. अर्ज करण्यापूर्वी खेलो इंडिया, भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि आपल्या राज्याच्या क्रीडा विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहा किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.